एकदाच विचारावे

माझ्या मंगल कार्यालयाच्या जेवणाच्या हॉलमध्ये मी एकतीस वर्षं एक पाटी लावून ठेवली होती: ‘आग्रह नाही. हवे ते मागून घ्या.’ पिवळ्या पत्र्यावर काळी अक्षरं, हाताएवढी. पाहुणे आधी हसायचे, मग फोटो काढायचे, आणि मग गपगुमान मागून जेवायचे. जिल्ह्यात मला मल्लिकार्जुन तोडकर म्हणून फारसं कुणी ओळखत नसे. ‘ते आग्रह नाहीवाले तोडकर’ म्हटलं की मात्र घरापर्यंत आणून सोडत.

पाटीला कारण होतं. धंद्याच्या दुसऱ्याच वर्षी एका लग्नात नवऱ्यामुलाच्या मामांना मुलीकडच्यांनी धरून धरून जिलेब्या वाढल्या. मामांना साखरेचा आजार. ते ‘नको, नको’ म्हणत होते आणि लोक ‘घ्या हो, एकदाच लग्न होतं’ म्हणत होते. संध्याकाळी वरातीऐवजी अँब्युलन्स आली. मामा वाचले, पण एक डोळा गेला. दुसऱ्या दिवशी मी पेंटरकडे गेलो.

माझ्याकडे तेव्हा शंकरनाना नावाचे जुने वाढपी होते. त्यांना पाटी पटली नाही. ते म्हणाले, “मालक, पानावर आडवा हात आला की हात बघायचा न्हाई, बोटं बघायची. बोटं फाकलेली असली तर वाढायचं. मिटलेली असली तर म्होरं जायचं. ह्यात कुणाचं काय वाईट हुतंय?” मी म्हटलं, “नाना, पाचशे माणसांची बोटं कोण बघत बसणार?” महिन्याभरात नानांनी दुसरं कार्यालय धरलं.

हे सगळं सांगतोय, कारण पुढं जे झालं ते ह्याच पाटीमुळं झालं.

मी त्रेसष्ट वर्षांचा झालो तेव्हा कार्यालय पुतण्याच्या ताब्यात दिलं आणि दोन वर्षं घरी बसून बायकोला वैताग दिला. मग एके दिवशी जाहिरात आली. जिल्ह्यासाठी ‘वार्धक्य सल्लागार परिषद’ नेमायची होती आणि तिच्यावर समाजातले सात स्वयंसेवक हवे होते. पगार नाही, फक्त चहा आणि सरकारी ओळखपत्र. अर्जात एक रकाना होता, ‘आपण समाजासाठी काय केले?’ मी लिहिलं, ‘अठराशे लग्नं जेवू घातली, एकाही पंगतीत आग्रह न करता.’ मुलाखतीत साहेबांनी तेवढंच वाक्य दोनदा वाचलं आणि माझी निवड झाली.

उज्ज्वला, म्हणजे माझी बायको, म्हणाली, “जावा. तुमाला तसंबी मीटिंगा आवडत्यात.”

तिला मीटिंगांचा तिटकारा. तसं तिला काहीच लागत नसे. साडी घेऊ का म्हटलं तर नको. मित्रमंडळींनी म्हैसूरची सहल काढली, येतेस का म्हटलं तर, “नको, तुमी जावा.” मी जाऊन आलो. इतकी समाधानी बायको मिळायला भाग्य लागतं, असं मी चारचौघांत सांगायचो.

परिषदेचं काम एकाच उपचाराभोवती फिरत होतं. त्याला सरकारनं ‘निचरा’ असं साधं नाव दिलं होतं. पहिल्याच बैठकीत आमच्या सदस्य-सचिव डॉ. रझिया मुजावर यांनी तो समजावून दिला. आपल्या शरीरातल्या पेशी जुन्या झाल्या की मरतात आणि त्यांची जागा नव्या घेतात. पण वय वाढलं की काही पेशी मरायचं नाव घेत नाहीत. काम करत नाहीत, जागाही सोडत नाहीत, आणि बसल्या जागेवरून अशी द्रव्यं सोडतात की शेजारच्या चांगल्या पेशीही बिघडतात. गुडघे सुजतात, रक्तवाहिन्या ताठरतात, हृदय थकतं, त्यातलं बरंचसं ह्याच पेशींचं काम.

“म्हणजे जेवून झाल्यावरबी पंगतीतनं न उठणारे पाहुणे,” मी म्हटलं.

डॉक्टर मनापासून हसल्या. “तोडकर, हे मी उद्यापासून सगळीकडे सांगणार.”

निचऱ्यात माणसाच्या स्वतःच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना हे चिवट पाहुणे ओळखायला शिकवायचं आणि परत शरीरात सोडायचं. त्या जाऊन एकेकाला उठवतात. शरीर मोकळं होतं आणि पंधरा-वीस वर्षं चांगली मिळतात. अडचण एकच होती, ती म्हणजे वेळ. फार लवकर केलं तर शिकवलेल्या पेशींना उठवायला कुणी सापडत नाही आणि त्या चांगल्या पेशींवर घसरतात. फार उशीर केला तर उठवायचे इतके असतात की अर्धा मांडवच रिकामा होतो, आणि हृदयाला ते सोसत नाही. वर्षातून एकदा बोटाच्या टोकातून रक्ताचा थेंब घेऊन शरीराचं खरं वय काढत. त्यावरून प्रत्येकाची मुदत ठरे. मुदत साधारण वर्षभराची. आणि प्रयोगशाळेची ताकद आमच्या जिल्ह्याला महिन्याला चाळीस माणसं एवढीच. प्रतीक्षायादी दीड वर्षाची, म्हणून मुदत लागायच्या आधीच नाव यादीत घालत. ज्याची पाळी आली त्यानं नको म्हटलं, तर त्याचं नाव यादीच्या शेवटी जाई. पाळी परत येईपर्यंत मुदत संपलेली असे. पुन्हा म्हणून काही नव्हतं.

पाळी आलेल्या माणसाला विचारायचं काम एक यंत्र करी. ते फोन करायचं, बाईच्या आवाजात, साध्या मराठीत. सरकारनं जिल्ह्या-जिल्ह्यांना सांगितलं होतं, की कसं विचारायचं ते तुम्ही ठरवा, कारण स्थानिक रीत तुम्हाला ठाऊक. आमची नेमणूक त्यासाठीच होती. यंत्राला माणसांच्या चालीरीती आम्ही शिकवायच्या होत्या.

तिसऱ्या बैठकीत प्रश्न आला, की किती वेळा विचारायचं?

परिषदेवर शकुंतला चौगुले म्हणून निवृत्त नर्स होत्या. छत्तीस वर्षं खेड्यापाड्यांतून बाळंतपणं केलेली बाई. त्या म्हणाल्या, “तीनदा विचारा. आपल्याकडं माणूस पहिल्यांदा नकोच म्हणतंय. बाईमाणूस तर हमखास. पाणी विचारलं तरी नको म्हणत्यात आणि घसा कोरडा पडलेला असतोय.”

मी उभा राहिलो. मला बोलायला आवडतं, हे कबूल करतो. मी मामांची गोष्ट सांगितली. डोळा गेल्याचंही सांगितलं. मग मी म्हटलं, “म्हातारं माणूस नको म्हणतं, तेव्हा त्याच्या नकोला किंमत द्यायला शिका. पोरं बापाला विचारत नाहीत, सुना सासूला विचारत नाहीत. निदान सरकारनं तरी म्हाताऱ्याचा शब्द हा शब्द मानावा. परत विचारणं म्हणजे आग्रह, आणि आग्रह म्हणजे जबरदस्तीच.”

टाळ्या पडल्या. चौगुलेबाईंनी मात्र सोडलं नाही. “मग निदान आधी सांगा तरी, की एकदाच विचारणार हाय म्हणून.”

“ते तर अजून वाईट,” मी म्हटलं. “आज घ्या, उद्या संपेल, ही सेलवाल्यांची भाषा. माणूस घाबरून हो म्हणेल.”

अध्यक्षस्थानी निवृत्त न्यायाधीश देसाई होते. त्यांनी मान डोलावली. ठराव लिहिला गेला. ठराव क्रमांक चार: उपचाराबाबत प्रत्येकास एकदाच विचारावे. विचारताना घरातील कोणी जवळ नसावे व घरच्यांनी आधी पढवू नये. सूचक, म. शि. तोडकर. अनुमोदक, निवृत्त एस.टी. कंडक्टर बा. ध. कांबळे. श्रीमती चौगुले यांचा विरोध नोंदवून बहुमताने मंजूर.

बैठकीतलं बाहेर बोलायचं नाही अशी आम्ही सही केली होती. मी घरी उज्ज्वलालाही काही सांगितलं नाही. मी असल्या बाबतीत फार काटेकोर आहे, आणि त्याचा मला अभिमानही होता.

माझं नाव यादीत आधीपासूनच होतं. दोन महिन्यांनी फोन आला. मी परसात कढीपत्त्याचं झाड छाटत होतो. आवाजानं तब्येत विचारली, उपचार समजावला, धोके सांगितले आणि विचारलं, “तुम्हाला निचरा हवा आहे का?”

“हो,” मी म्हटलं आणि परत कात्री चालवायला लागलो.

उपचाराचे पहिले पंधरा दिवस ताप होता. उज्ज्वला कपाळावर ओल्या घड्या ठेवत बसली. तिसऱ्या महिन्यात मी जिना दोन-दोन पायऱ्या चढायला लागलो. संध्याकाळी आम्ही दोघं सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत चालत जायचो. आधी मी मागं असायचो, आता ती मागं राहायला लागली.

“जरा हळू की हो,” ती म्हणायची. “गाडी सुटायला लागलीय का?”

मी थांबायचो. ती धापा टाकत यायची, हसायची. मला वाटायचं, हिचीही पाळी येईलच, मग दोघंही पळू. तिची मुदत सुरू झाल्याचं कार्ड आलं होतं, फोन कधी येणार ते मात्र कुणालाच कळत नसे. “हो म्हण बरं का,” एवढं म्हणायला कितीदा तोंड उघडलं. पण घरच्यांनी पढवू नये हा नियम माझाच. आणि समोरून आयुष्य चालून आल्यावर माणूस हो म्हणणारच, त्यात पढवायचं काय, असंही वाटलं.

सहामाही अहवाल आला तेव्हा डॉ. मुजावरांनी एक आकडा वाचून दाखवला. विचारलेल्या पुरुषांपैकी शंभरात नऊ जण नको म्हणाले होते. बायकांपैकी शंभरात अडुसष्ट.

“हे मला विचित्र वाटतंय,” डॉक्टर म्हणाल्या.

चौगुलेबाई काही बोलणार तोच मी बोललो. “त्यात विचित्र काय? बायका समजूतदार असतात. दुसऱ्याला जागा देतात.” सगळे हसले. ते वाक्य इतिवृत्तात गेलं. आजही तिथं आहे, माझ्या नावासमोर.

त्यानंतर पंधरा दिवस झाले असतील. दुपारी आम्ही जेवत होतो. उज्ज्वलानं भाकरी मोडता मोडता सहज म्हटलं, “त्या बाईचा फोन आलता.”

“कुठल्या बाईचा?”

“ते तुमच्या निचऱ्याच्या. मशीन हाय म्हणं, पण बोलती छान. गुडघ्याचं विचारलं, झोपेचं विचारलं. मग म्हणाली, पाहिजे का.”

माझा घास हातातच राहिला. “मग?”

“मग काय. नको म्हटलं.”

“अगं, नको? का?”

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मीच वेड्यासारखं बोलतोय. “एकदम हो कसं म्हणायचं? हावरटागत? विचारंल की परत.”

“ती परत विचारत नाही, उज्ज्वला.”

“न्हाई कशी? कुणीबी विचारतंय. फोन ठेवताना धन्यवाद म्हणाली. म्हटलं, करंल दोन दिवसांनी.”

“फोन कधी आला होता?”

“झालं की आठ-नऊ दिवस.”

मी तसाच उठलो, हात धुतला की नाही तेही आठवत नाही. डॉ. मुजावरांच्या ऑफिसात पोचलो तेव्हा त्या डबा खात होत्या. माझा चेहरा बघून त्यांनी डबा बाजूला सारला.

त्यांनी यादी उघडली. उज्ज्वलाची जागा त्याच दिवशी पुढच्या माणसाकडं गेली होती. शेजारच्या तालुक्यातले कुणी बासष्ट वर्षांचे गृहस्थ. त्यांचं रक्त काढून झालं होतं, पेशी शिकायला ठेवल्या होत्या. उज्ज्वलाचं नाव शेवटी होतं. पाळी अठरा महिन्यांनी येणार होती, आणि तिच्या मुदतीचे साडेसात महिने उरले होते.

“रद्द झालेली एखादी जागा?”

“ती यादीतल्या पुढच्याला जाते. तिच्यापुढं सातशे माणसं आहेत, तोडकर. प्रत्येकाची पाळी त्याच्या मुदतीत बसवलेली आहे.”

मी त्यांना ते बोलणं ऐकवायला सांगितलं. नवरा म्हणून मला तो हक्क नव्हता. डॉक्टरांनी उज्ज्वलाला फोन लावला आणि परवानगी विचारली. ती म्हणाली, “ऐकू द्या की. त्यात काय लपवायचंय?”

ध्वनिमुद्रण चार मिनिटांचं होतं. शेवटचं एक मिनिट मी आजवर किती वेळा मनात ऐकलं असेल त्याला हिशेब नाही. आवाज विचारतो, “तुम्हाला निचरा हवा आहे का?” उज्ज्वला म्हणते, “नको बाई. माझं काय एवढं. ह्यांना मिळालं, बास झालं. दुसऱ्या कुणाला तरी द्या.” मग शांतता. मागं कुकरची एक शिट्टी होते. यंत्र थांबलेलं आहे आणि तीही थांबलेली आहे. मग ती हळूच म्हणते, “तसं गुडघं दुखतात म्हणा.” परत शांतता. “जिना चढवत न्हाई आता.” आणखी थोडी शांतता. मग आवाज म्हणतो, “आपला निर्णय नोंदवला आहे. धन्यवाद.” आणि उज्ज्वला म्हणते, “अगं, पण...”

तिथं संपतं.

डॉक्टरांनी पडदा माझ्याकडं वळवला. बोलण्याखाली यंत्राची स्वतःची नोंद होती. मी चष्मा लावून वाचली. ‘नकार खरा असण्याची शक्यता शंभरात चौदा. पुन्हा विचारणे योग्य ठरेल. ठराव क्रमांक चारनुसार विचारले नाही.’

“त्याला कळलं होतं?” मी विचारलं.

“हजारो तास आपल्या लोकांचं बोलणं ऐकून शिकलंय ते. नको कसं म्हटलंय, त्यानंतर काय म्हटलंय, किती थांबलंय, सगळं बघतं.” डॉक्टर माझ्याकडं न बघता म्हणाल्या. “पण विचारायचं की नाही, ते त्याच्या हातात नव्हतं. त्यासाठी माणसं नेमली होती.”

मला शंकरनाना आठवले. यंत्रानं बोटं बघितली होती. फाकलेली होती, हे त्याला दिसलं होतं. मीच त्याला पुढं जायला सांगितलं होतं.

खास बैठक बोलावली. माझा घरचा संबंध असल्यामुळं चर्चेच्या वेळी मला बाहेर बसावं लागलं. व्हरांड्यातल्या बाकावर मी तासभर होतो. मग शिपाई मला आत घेऊन गेला. ठराव वाचला गेला. पुढील महिन्यापासून प्रत्येकास तीन वेळा, तीन वेगवेगळ्या दिवशी विचारावे. सूचक, श्रीमती चौगुले. एकमताने मंजूर.

“आणि आधी ज्यांनी नको म्हटलं ते?” मी विचारलं.

देसाईसाहेबांनी चष्मा काढला. “एकशे अठ्ठ्याऐंशी माणसं आहेत. त्यांच्या जागा इतरांना गेल्या. त्या इतरांना आता काय सांगायचं? उठा म्हणून?”

मग इतका वेळ खाली बघत असलेले अनुमोदक कांबळे बोलले. “माझी मंडळीबी नको म्हणाली. दोन महिने झाले. मी खूश झालतो हो. म्हटलं, समाधानी बाई हाय.” त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि नाक पुसलं.

मी राजीनामा लिहूनच नेला होता. तो ठेवला. बाहेर पडताना चौगुलेबाई मागून आल्या. मला वाटलं, आता सुनावणार. मी त्याला लायक होतो. पण त्या म्हणाल्या, “भाऊ, घरी जाऊन तिला तुमीच सांगा. दुसऱ्याकडनं कळू देऊ नका.”

घरी उज्ज्वला अंगणात शेंगा फोडत बसली होती. मी तिच्यासमोर पायरीवर बसलो आणि सांगितलं. सही केलेली, गुप्तता, सगळं बाजूला ठेवून सांगितलं. मामांची गोष्ट, टाळ्या, ठराव क्रमांक चार. सूचक कोण, तेही सांगितलं.

ती शेंगा फोडत राहिली. मग म्हणाली, “वाटलंच मला.”

“काय वाटलं?”

“कुणीतरी तुमच्यासारखं बसलं असणार तिथं. लग्न झाल्यापास्नं बघतेय की. तुमी एकदाच विचारता.” तिच्या आवाजात राग नव्हता, हेच मला सोसेना. “म्हैसूरच्या वक्ताला मी साडी काढून ठेवलीती. पिशवीबी भरलीती. म्हटलं, जाताना विचारतील परत. तुमी चप्पल घालून गेलासाबी.”

“मग बोलायचं की गं!”

“बोलल्यावर मग ते मागून घेतल्यागत हुतंय. विचारल्यावर मिळालं तर त्याची गोडी येगळी.” तिनं टरफलं बाजूला सारली. “चुकलंच माझं. फोनवर हो म्हणायला पायजे हुतं.”

“तुझं काही चुकलेलं नाही,” मी म्हटलं. मला रडू आलं. सदुसष्टाव्या वर्षी मी अंगणात बसून पोरासारखा रडलो. तिनं शेंगदाण्याचे हात पदराला पुसले आणि माझ्या पाठीवरून फिरवले.

पुढचे साडेसात महिने मी काय काय केलं ते सांगण्यासारखं नाही. अर्ज दिले, ओळखी काढल्या, राजधानीपर्यंत खेटे घातले. सगळीकडं माणसं चांगलीच भेटली. सगळ्यांनी खुर्ची दिली, ऐकून घेतलं आणि तीच यादी दाखवली. एका साहेबांनी तर मला ओळखलं. त्यांच्या मुलीचं लग्न माझ्या कार्यालयात झालं होतं. “तुमची ती पाटी,” ते कौतुकानं म्हणाले. मी पाणीही न पिता उठलो. येताना कार्यालयात गेलो आणि पुतण्याला ती पाटी काढायला लावली. मुदत संपली त्या दिवशी उज्ज्वलानं नेहमीसारखी पोळी-भाजी केली आणि आम्ही दोघांनी तो विषय काढला नाही.

एक गोष्ट मात्र मी शिकलो. मी विचारायला शिकलो. चहा घेतेस का? नको. घे की. नको हो. अगं, घे, मी करतोय. तिसऱ्यांदा ती म्हणायची, “बरं, एवढं म्हणताय तर द्या.” आणि कप हातात घेताना तिचा चेहरा असा खुलायचा, की गेल्या चाळीस वर्षांत मी काय काय हुकवलं ते मला दिसायचं. साडी अशीच घेतली. मोगऱ्याचे गजरे असेच आणले. तीनदा विचारून म्हैसूरलाही गेलो. राजवाडा बघायला तिला चाकांच्या खुर्चीतून न्यावं लागलं, पण आतले दिवे बघून ती टाळ्या वाजवत होती.

ह्याला आता तीन वर्षं झाली. मी सत्तरीचा आहे आणि रक्ताच्या थेंबाप्रमाणं पन्नाशीचा. डॉक्टर म्हणतात, शंभरी सहज गाठाल. शाबासकी दिल्यासारखं म्हणतात. उज्ज्वलाच्या हृदयाचं काम निम्म्यावर आलंय. पाय सुजतात. रस्त्यात नवीन माणूस मला विचारतो, आईंची तब्येत कशी आहे? पहिल्यांदा मी चिडलो होतो. आता ‘बरी आहे’ म्हणतो आणि पुढं जातो.

घरातला स्वयंपाक मी करतो. अठराशे लग्नं जेवू घातली, पण भाकरी थापायला आत्ता शिकलो. परवा तिला आवडते म्हणून शेंगांची पोळी केली. गूळ बेताचा घातला, कडेपर्यंत सारण भरलं, तुपाची धार सोडली. तिला उशीला टेकवून बसवलं आणि ताट समोर ठेवलं. तिनं दोन घास खाल्ले.

“कशी झालीय?”

“तुमच्या आचाऱ्यापरास चांगली.”

“मग अजून थोडी घे.”

“नको.”

“अगं, अर्धी घे. तुझ्यासाठी केलीय.”

“नको हो.”

मी पोळीचा तुकडा उचलला आणि तिसऱ्यांदा म्हटलं, “माझ्यासाठी एवढाच. घे की गं.” आणि ते वाक्य यायची वाट बघत थांबलो, एवढं म्हणताय तर.

तिनं ताटावर हात आडवा धरला. माझ्याकडं बघून थोडं हसली. “ह्या वेळेला खरंच नको,” ती म्हणाली.

मी तिच्या हाताकडं बघितलं. बोटं मिटलेली होती. मी पोळी परत डब्यात ठेवली आणि झाकण लावलं.